कंपनी फिटिंगचा टेप काढावा का?

आमच्या करी रोडला शाळांचे युनिफॉर्म शिवून देणारे एक भाई आहेत. चार मशिनी, दोन कारागीर आणि ते स्वतः, एवढाच त्यांचा कारखाना. माल पोचवायला २०११ सालची एक छोटी गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. परवा जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "चाचा, गाडीतला टेप बदलायचा आहे. दुकानदार म्हणतो, नऊ इंची स्क्रीन लाव, चौदा हजारांत सगळे करून देतो. घेऊ का?"

मी विचारले, "जुन्याला काय झाले?"

"आवाज फाटतो. पेनड्राइव्ह वाचत नाही. फोन जोडता येत नाही. आणि गाडी जुनाट दिसते."

तक्रारी चार झाल्या. त्यातली चौथी मनाची आहे, तिच्यावर मी काही बोलणार नाही. पहिल्या तिघींना मात्र चौदा हजार लागत नाहीत. तीन हजारसुद्धा लागत नाहीत. गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझी तीस वर्षे गेली, म्हणून हे जरा ठामपणे लिहितो. आपल्या वाचकांत जुन्या गाड्या वापरणारे छोटे व्यापारी आहेत, तसेच गाड्यांना टेप बसवून पोट भरणारे कारागीरही आहेत. या लेखातले काही गाडीवाल्यांसाठी आहे आणि काही, कडू वाटले तरी, आपल्या दुकानदार बांधवांसाठी.

आधी हा धंदा आपल्याकडे कसा वाढला ते पाहू. पूर्वीच्या पद्मिनी आणि अँबॅसेडर गाड्या टेप न बसवताच येत. रेडिओ ठेवायचा तर टपाल खात्याचे लायसन काढावे लागे. १९८० च्या दशकात ते रद्द झाले. कोकणातली आपली माणसे दुबई-कुवेतला गेली आणि परतताना सोनी, पायोनियरचे कॅसेट डेक घेऊन आली. ते गाडीत बसवायला माणूस लागला. लॅमिंग्टन रोडवरून स्पीकर आणायचे, ग्लासखालच्या मागच्या फळीला जाळीची भोके पाडायची, डॅशबोर्डखाली पट्टी मारून डेक लटकवायचा आणि बॅटरीवरून दोन वायरी ओढायच्या. हेच तेव्हाचे फिटिंग. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या भागातली कितीतरी माणसे टॅक्सीकडे वळली. रात्रपाळीच्या टॅक्सीवाल्याला जागे राहायला टेप हवा असे. काळ्या-पिवळ्या पद्मिनीत बसलेल्याला आठवत असेल, पुढे मीटर, खाली टेप, आणि मागे डोक्याशी कर्णा. त्यातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

त्या गाडीत टेप बसवणे म्हणजे नसलेली वस्तू आणणे होते. आजचा सवाल वेगळा आहे. आजची दहा-पंधरा वर्षांची गाडी घ्या. तिच्यात कंपनीने टेप दिलेला आहे, तो त्या गाडीच्या वायरिंगचा भाग आहे, आणि बहुतेक वेळा तो चालू आहे. चालू वस्तू काढून तिच्या जागी दुसरी बसवायची, हा तेव्हाच्या फिटिंगहून निराळा व्यवहार आहे. पण आपल्या दुकानांत दोन्हींना अजून एकच मोजमाप लावले जाते. "नवीन टाका, भाई!"

आता आवाजाचे बघू, कारण सगळ्यात जास्त पैसा आवाजाच्या नावाखाली जातो.

नव्या सेटच्या खोक्यावर लिहिलेले असते, पन्नास वॅट गुणिले चार. गिऱ्हाईकाला वाटते दोनशे वॅट मिळणार. मिळत नाहीत. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला चौदाच्या थोडे वर नेतो. तेवढ्या व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला, वेगळा अॅम्प्लिफायर नसेल तर, एका चॅनेलला साधारण वीस-बावीस वॅटच स्वच्छ मिळतात. त्यापुढे आवाज वाढतो तो फाटून वाढतो. ही मर्यादा बॅटरीची आहे, त्यामुळे कंपनीच्या टेपला आणि नव्या सेटला ती जवळपास सारखीच लागू होते. म्हणजे चौदा हजार देऊन आलेल्या स्क्रीनच्या पाठीमागेही बहुधा तसलाच, तेवढ्याच ताकदीचा आय.सी. बसलेला असतो.

मग जुन्या गाडीत आवाज फाटतो तो कशाने? दहापैकी आठ वेळा मला दोष स्पीकरमध्ये सापडला आहे. कंपनीचे स्पीकर कागदी कोनचे आणि हलक्या लोहचुंबकाचे असतात, तो कंपनीचा काटकसरीचा भाग. आणि आपले मुंबईचे चार महिने! दाराच्या काचेवरून गळणारे पाणी दाराच्या आत उतरते. ते स्पीकरवर येऊ नये म्हणून कंपनी दाराच्या आत प्लॅस्टिकचा पडदा चिकटवते. काच उचलायची मोटार किंवा लॉक दुरुस्त करताना कोणीतरी मेकॅनिक तो पडदा फाडतो आणि परत लावत नाही. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत कागद ओला होतो, सुकतो, पुन्हा ओला होतो. कडेचा फोम भुगा होतो. मग व्हॉइस कॉइल घासायला लागते आणि गिऱ्हाईक म्हणते, टेप बिघडला.

हे पाहायला दुकानात जावे लागत नाही. टेपमध्ये बॅलन्स आणि फेडर असतात. आवाज आधी फक्त पुढे डावीकडे न्या, मग उजवीकडे, मग मागे एकेक करून. चारही ठिकाणी सारखाच फाटत असेल तर दोष टेपमध्ये. एकाच कोपऱ्यात फाटत असेल तर तो स्पीकर गेला, किंवा त्याची वायर दाराच्या बिजागरीशी तुटायला आली. मीटर असेल तर स्पीकर काढून मोजा. चार ओहमचा स्पीकर तीन ते चारच्या दरम्यान दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली. शून्याजवळ गेला तर कॉइल शॉर्ट झाली, आणि असा स्पीकर तसाच ठेवला तर तो टेपचा आय.सी.ही घेऊन जातो. इंजिनाचा वेग वाढवला की आवाजात शिट्टी वाढते, ही तक्रार असेल तर बहुधा अर्थिंग सैल किंवा गंजलेले असते. रेडिओ खरखरतो तेव्हा बाहेरच्या अँटेनाच्या मुळाशी गंज बघा. पॉलिश पेपर आणि दहा मिनिटे.

भाईंच्या गाडीत फेडर फिरवला तर पुढचा डावा स्पीकर वाजत नव्हता, रडत होता. उजवा त्याच मार्गावर होता.

पेनड्राइव्हचे कारण तर ऐकून हसू येईल. जुने टेप पेनड्राइव्हची एकच जुनी पद्धत ओळखतात, फॅट बत्तीस. आजचा चौसष्ट जी.बी.चा पेनड्राइव्ह दुकानातून येतो तो निराळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेला. त्यात गाणी असोत की बयान, टेपला तो कोराच दिसतो. सोळा किंवा बत्तीस जी.बी.चा घ्या, मुलाला सांगून कॉम्प्युटरवर फॅट बत्तीस करून घ्या, फाइली एम.पी.थ्री ठेवा. भाईंकडे त्यांच्या मुलीने हे काम चहा होईपर्यंत केले. खर्च काही नाही.

फोनचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो नुसता करमणुकीचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, गाडी चालवताना हातात फोन धरणे हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरले जाते. माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाचा फोन घ्यावाच लागतो असे तो म्हणतो. घ्यावा की नाही हा वेगळा विषय, पण हातात तरी धरू नये. त्यात आमच्या भागातली वाहतूक. १२ सप्टेंबर २०२५ रोजी एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा त्याची बरीचशी गर्दी करी रोडच्या पुलावर आली. भारतमाता सिनेमापासून पूल चढून पलीकडे उतरायला लागणाऱ्या वेळात माणूस पाच फोन घेतो.

जुन्या टेपला पुढे कानात घालायच्या वायरीसारखे गोल भोक असेल, ज्याला ऑक्स म्हणतात, तर त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर तीन-चारशे रुपयांत मिळतो. फोनमधली तिलावत, नात, बातम्या, क्रिकेट, ज्याला जे ऐकायचे ते गाडीच्या स्पीकरवर येते. फोनवर बोलायचे असेल तर घेताना त्यात माइक आहे ना, हे बघा. ऑक्स नसेल तर सिगारेट लायटरच्या जागेत बसणारा एफ.एम. ट्रान्समीटर आहे. तो मी दुसऱ्या पसंतीला ठेवतो. २००२ पासून मुंबईत खाजगी एफ.एम. स्टेशनांची गर्दी झाली आहे, रिकामी जागा शोधावी लागते, आणि पूल चढताना शेजारचे स्टेशन मध्येच घुसते. पण काम भागते.

आता स्क्रीनबद्दल. स्क्रीन वाईट आहे असे मी म्हणत नाही. लालबागच्या गल्लीत गाडी मागे घेणाऱ्याला मागचा कॅमेरा हा खरा उपयोग आहे. टुरिस्ट गाडी चालवणाऱ्याकडे प्रवासी मागतात, त्याचा तो धंद्याचा खर्च आहे. पण स्वस्त स्क्रीनच्या खोक्यावर जेवढी मेमरी लिहिलेली असते तेवढी आत असतेच असे नाही. दोन वर्षांत ती फोनसारखीच मंद होते. आणि चालू गाडीत ड्रायव्हरसमोर सिनेमा लावणारे मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलावे?

माझी मोठी हरकत बसवण्याच्या पद्धतीला आहे. कंपनीच्या टेपच्या मागे कपलर असतो. त्यात बसणारा जोड-कपलर बाजारात मिळतो. तो घेतला की एकही वायर न कापता नवा सेट लागतो आणि हवा तेव्हा जुना परत बसतो. पण कपलर घ्यायला लॅमिंग्टन रोडला माणूस पाठवावा लागतो, म्हणून फिटर कटर घेतो आणि कंपनीचा कपलर छाटून टाकतो. वायरी पिळायच्या आणि वर टेप गुंडाळायची. उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो.

हे मी दुसऱ्यावर बोट दाखवून लिहीत नाही. उमेदीच्या काळात मी स्वतः एका गिऱ्हाइकाचा कपलर असाच कापला होता. पुढे ती गाडी विकली गेली, नव्या मालकाने सेट बदलला, दुसऱ्या फिटरने माझ्या पिळलेल्या वायरी चुकीच्या जोडल्या आणि डॅशबोर्डातून धूर आला. मालक शोधत माझ्याकडे आला. भरपाई मी दिली, पण पैशापेक्षा जास्त लागले ते त्याच्या मुलीचे बोलणे. ती मागच्या सीटवर होती.

सेटच्या मागे पिवळी वायर कायमच्या करंटची, लाल वायर चावीवरची आणि काळी अर्थची. पिवळी-लाल उलट झाली तर दर वेळी चावी काढल्यावर स्टेशने पुसली जातात. दोन्ही कायमच्या करंटला जोडल्या, तर सेट रात्रभर जागा राहतो. छोट्या गाडीची बॅटरी पस्तीस अँपियर-अवरची असते. अर्धा अँपियर जरी सतत खाल्ला तरी ती तीन दिवसांच्या आत रिकामी होते. माणूस गावी जाऊन येतो आणि बॅटरी कंपनीला शिव्या घालतो. याहून वाईट प्रकार फ्यूजचा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून दहाच्या जागी तीसचा टाकणे किंवा तांब्याची तार गुंडाळणे. फ्यूज उडतो तेव्हा तो आपले काम करत असतो. तो उडायचा थांबला की वायर जळते. आपल्या कितीतरी गाड्या सी.एन.जी.वर आहेत. वूफरच्या अॅम्प्लिफायरची जाड वायर डिकीत नेताना ती गॅसच्या नळीला चिकटवून नेलेली मी पाहिली आहे, आणि बॅटरीशी फ्यूजही नव्हता. असले काम करणाऱ्याला मजुरी घेण्याचा हक्क नाही, असे माझे मत आहे.

पैशाची दुसरी बाजूही आहे. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू इन्शुरन्समध्ये वेगळी नोंदवावी लागते. मोटार टॅरिफमध्ये तिच्यावर किमतीच्या चार टक्के जादा हप्ता होता. चौदा हजारांवर वर्षाला पाचशे साठ रुपये. नोंदवली नाही तर चोरी किंवा अपघातात तिचा पैसा मागता येत नाही. आणि जुन्या गाडीला नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल, जसा भाईंचा होता, तर स्क्रीन गेली की गेली. शिवाय २०११ ची खाजगी गाडी म्हणजे २०२६ ला तिची पंधरा वर्षे पुरी. पुन्हा नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, आणि पास होण्यासाठी ब्रेक, टायर, दिवे यांवर होणारा खर्च. भाईंचे पुढचे दोन टायर गुळगुळीत झालेले मी त्यांना तिथेच दाखवले. पावसात ब्रेक मारल्यावर स्क्रीन गाडी थांबवत नाही. हलाल कमाईचा पैसा गरज नसलेल्या ठिकाणी घालण्याला आपल्याकडे इस्राफ म्हणतात, आणि तो फक्त लग्नाच्या मंडपातच होतो असे नाही.

आता दुकानदार बांधवांसाठी. नवा सेट बसवताना निघालेला कंपनीचा टेप आपण बाजूला टाकतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, याला भंगारची किंमत. पुढच्याच आठवड्यात त्याच मॉडेलचा मालक येतो, त्याचा टेप जळालेला असतो, आणि तो ओरिजिनल टेप त्याला चांगल्या भावात जातो. हा नफा कोणाचा? मालातला ऐब विकत घेणाऱ्याला सांगावा, ही आपल्या दीनची शिकवण आपल्याला पाठ आहे. विकणाऱ्याला त्याच्या वस्तूची किंमत सांगणे हे त्याच शिकवणीत येते, असे मी मानतो. टेप गिऱ्हाइकाच्या हातात द्या. तो म्हणाला ठेवून घ्या, तर भाव करून घ्या.

याच्याच जोडीला जुन्या मालाचे. एक काळ होता, गाडीची काच फोडून टेप पळवायचा आणि तो दोन दिवसांत मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात पाहायचा, असा मुंबईत विनोदच झाला होता. त्या चोऱ्यांमुळेच काढून खिशात घालायच्या तोंडाचे सेट आले आणि कंपन्यांनी टेपला कोड नंबर घातले. चोरबाजारात इमानदारीने जुना माल विकणारे आपले कितीतरी लोक त्या बदनामीत भाजले. म्हणून जुना टेप घेताना विकणाऱ्याचे नाव, गाडीचा नंबर आणि बिल वहीत ठेवा. कोड सांगता येत नसेल आणि गाडीही दाखवता येत नसेल, तर स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका. चोरीचा माल जाणून घेणे गुन्हा आहे, आणि त्यातून आलेल्या पैशाला बरकत कुठली?

माझ्या ओळखीचे फिटर म्हणतात, चाचा, तुमचे ऐकले तर आमचे दुकान बंद होईल, स्पीकर बदलून काय सुटते? त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. नव्या गाड्या स्क्रीन घेऊनच कारखान्यातून येतात, त्यामुळे सेट विकण्याचा धंदा दरवर्षी आखडतो आहे. पण मग उरलेल्या जुन्या गाड्यांना जबरदस्तीने स्क्रीन विकून तो किती वर्षे टिकेल? कमाई कामात आहे, आणि आपण कामाचे पैसे मागायला लाजतो. तपासणीचे दोनशे रुपये घ्या, काम दिले तर बिलात वळते करा. दाराचा पडदा नव्याने चिकटवणे, आत डॅम्पिंग शीट लावणे, अर्थिंग नीट करणे, आय.सी. बदलून टेप जिवंत करणे, ही हाताची कामे आहेत. ती फोनवरून मागवता येत नाहीत. स्क्रीन मागवता येते, आणि दुकानापेक्षा स्वस्तात.

मग बदलावा कधी? टेपचा आय.सी. किंवा बोर्ड गेला असेल आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्याला पोचत असेल तेव्हा. गाडी आणखी चार-पाच वर्षे ठेवायची असेल तेव्हा. आणि डॅशबोर्डात टेपची जागा सरळ चौकोनी, सात इंच रुंद आणि दोन किंवा चार इंच उंच असेल, तर काम सोपे आहे, बेधडक करा. पण टेप डॅशबोर्डाच्या आकारातच ओतलेला असेल, त्याच्याच पट्टीत घड्याळ, हॅझार्डचे बटण किंवा स्टिअरिंगवरची बटणे जोडलेली असतील, तर दहा वेळा विचार करा. बदललाच तर बिल घ्या, जोड-कपलरचा आग्रह धरा, आणि जुना टेप कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना तो परत बसवून स्क्रीन नव्या गाडीला नेता येते.

भाईंनी पुढचे दोन स्पीकर घेतले, जोडी एकोणीसशेला. बसवायचे आणि दाराचा पडदा चिकटवायचे चारशे. ब्लूटूथ रिसीव्हर साडेतीनशेला. एकूण दोन हजार सहाशे पन्नास. टायरची जोडी त्याच आठवड्यात घातली. त्यांचा मुलगा मात्र नाराज आहे. त्याला स्क्रीनच हवी होती, आणि आता तो मस्जिदीत मला सलाम करतो तो जरा लांबूनच.